'नमस्कार मॅडम'च्या पुढे काय लिहायचं?

पत्र

ताई, मी 26 वर्षांची आहे. 2021 मध्ये परभणीहून फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. केलं आणि तेव्हापासून लातूरला एका डाळ मिलच्या लॅबमध्ये आहे. लॅब म्हणजे मी आणि एक मदतनीस. काम चांगलं येतं, पण पुढे काही दिसत नाही. मला पुण्याला किंवा नाशिकला मोठ्या कारखान्यात जायचं आहे, बेकरी नाहीतर रेडी-टू-ईटच्या क्वालिटी विभागात. आमच्या घरात नोकरदार म्हणजे एकच मामा, तेही एसटीत. बाबा म्हणतात, 'तिकडे आपलं कोण आहे? ओळख लागते.' लिंक्डइनवर ओळख करता येते असं मैत्रीण म्हणाली, म्हणून दोन महिन्यांत मी 80-90 जणांना रिक्वेस्ट पाठवल्या. तीसेक जणांनी स्वीकारल्या. त्या सगळ्यांना इंग्रजीत एकच मेसेज केला: 'आदरणीय सर/मॅडम, मी नोकरीच्या शोधात आहे. आपल्या कंपनीत जागा असल्यास कृपया कळवावे. रेझ्युमे जोडला आहे.' एकाचंही धड उत्तर आलं नाही. एक गृहस्थ मात्र रात्री साडेदहाला बोलायला लागले, आधी व्हॉट्सॲप नंबर मागितला, मग फोटो. मी ब्लॉक केलं आणि आठ दिवस ॲप उघडलंच नाही. अनोळखी लोकांपुढे असा हात पसरणं मला लाचारीचं वाटतं. पण दुसरा रस्ता तरी कोणता आहे? कृपया नाव छापू नका, आमचे मालक हे सदर वाचतात.

उत्तर

नाव छापत नाही. लातुरात डाळ मिल एवढ्या आहेत की मालकांना आपली मिल ओळखू येणार नाही, तेव्हा निश्चिंत राहा.

आधी त्या रात्रीच्या गृहस्थांबद्दल बोलू. पत्रात तू त्यांना दोन ओळी दिल्यास, पण तुझे आठ दिवस त्यांनीच खाल्ले. ब्लॉक केलंस ते योग्यच केलंस. पुढच्या वेळी रिपोर्टही कर. प्रोफाइलवर आणि मेसेजवर तसा पर्याय असतो, आणि तक्रार कोणी केली हे त्या माणसाला कळवलं जात नाही. तुझ्या मेसेजात काही चुकलं म्हणून ते तसे वागले असं मनात आणू नकोस. ते तसेच आहेत, आणि त्या रात्री त्यांनी आणखी कितीजणींना विचारलं असेल कोण जाणे. कामाचं बोलणं कामाच्या वेळी, त्याच ॲपवर किंवा ई-मेलवर करायचं. कुणी नंबर मागितला तर 'सध्या इथेच बोलू या, सर' एवढं लिहायचं. भल्या माणसाला याचा राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याची ओळख तुला नकोच आहे. भेटायची वेळ आली तर दिवसा, त्यांच्या ऑफिसात, आणि घरी सांगून. तुझा मोबाइल नंबर प्रोफाइलवर कोणाकोणाला दिसतो तेही सेटिंगमध्ये जाऊन आजच बघून घे.

आणखी एक. नोकरी देतो म्हणून नोंदणीचे, ट्रेनिंगचे किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे कुणी मागितले, तर बोलणं तिथेच थांबवायचं. रक्कम पाचशे असो की पाच हजार. पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आता तुझ्या बाबांच्या वाक्याकडे येते. 'ओळख लागते' हे त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ते खरं आहे. पण ओळखीचा उपयोग नेमका कसा होतो, हे आपल्यासारख्या घरांत नीट कळत नाही, कारण आपण तो लांबून पाहिलेला असतो. आपल्याला वाटतं की ओळख म्हणजे साहेबाच्या नावाची चिठ्ठी, एक फोन, की झालं काम. तसंही होतं. पण ज्या घरात काका एमआयडीसीत मॅनेजर असतो, तिथल्या मुलाला फोनच्या कितीतरी आधी दुसरंच काही मिळालेलं असतं. क्वालिटीतला माणूस सकाळी आल्या आल्या काय बघतो, ऑडिटच्या आठवड्यात काय पळापळ होते, मुलाखतीत काय विचारतात, कोणती कंपनी दोन वर्षं राबवून घेते आणि कुठे काम शिकायला मिळतं, हे सगळं त्याने जेवताना ऐकलेलं असतं. त्याच्या रेझ्युमेत योग्य शब्द येतात ते तिथून. मुलाखतीत तो घाबरत नाही तेही त्यामुळेच.

तुला कमी पडतंय ते जेवतानाचं बोलणं. आणि अनोळखी माणसाकडून ते मागता येतं. नोकरी मात्र मागता येत नाही, निदान पहिल्या मेसेजात तरी नाही, कारण ती देणं त्याच्या हातात नसतं. पुण्यातल्या कारखान्यातली क्वालिटी एक्झिक्युटिव्ह तुझा मेसेज वाचते. तिच्याकडे जागा नसते. जागा भरण्याचा अधिकारही नसतो. 'नाही' लिहायला तिला वाईट वाटतं, 'बघते' लिहिणं खोटं होतं, म्हणून ती काहीच लिहीत नाही. तुझ्या तीस माणसांपैकी बरेचसे असे गप्प राहिले असतील. त्यांनी तुला झिडकारलेलं नाही. तू त्यांना असं काही विचारलंस की ज्याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं.

तुला जे लाचारीचं वाटलं त्याचं मूळही मला इथेच दिसतं. मागण्यात कमीपणा नसतो. शेजारणीकडून विरजण आणताना आपल्याला लाज वाटत नाही, कारण तिच्या घरी ते आहे आणि द्यायला तिला काही अवघड नाही हे ठाऊक असतं. समोर कोण आहे, त्याच्याकडे काय आहे, हे न बघता तीस दारांवर एकच वाक्य म्हणत फिरावं लागलं की मन खट्टू होतं. तुझं मन तुला बरोबर सांगत होतं. चूक मागण्याच्या पद्धतीत होती.

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, पण तिच्यातला पत्रांचा भाग बहुतेक वेळा घाईत उरकला जातो. गोपाळरावांनी 1878 मध्ये कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला यायचं आहे, तिथे मला काही काम मिळेल का, अशी ती विचारणा होती. मागणी मोठी होती. उत्तरात धर्मांतराचा विषय निघाला आणि गाडी तिथेच अडली. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी नियतकालिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर 1880 मध्ये दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या असताना त्यांनी तो वाचला. त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी पत्र पाठवलं. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. दोघींची पत्रं सुरू झाली ती आपल्याकडच्या चालीरीती, घर, तब्येत, तिकडचं जगणं अशा विषयांवर. ती तीन वर्षं चालली. एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. त्या एव्हाना मावशी झाल्या होत्या. 1886 मध्ये आनंदीबाई एम.डी. झाल्या आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेत पकीप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. दोन बायका, एकमेकींना कधी न पाहिलेल्या, आणि सुरुवात एका पत्राने.

मला यातल्या दोन गोष्टी तुझ्या कामाच्या वाटतात. पहिल्याच पत्रात सगळं मागितलं ते अडकलं, आणि ज्या पत्रांत दोन माणसं एकमेकांना समजून घेत होती त्यांनी बोटीपर्यंत नेलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गोपाळरावांचं ते पत्र कार्पेंटरबाईंना लिहिलेलं नव्हतंच. ते तिसऱ्याच्या नावाचं होतं आणि त्यांनी ते वाचलं. लिंक्डइनवर एखाद्या मॅडमच्या पोस्टखाली तू चार जबाबदार ओळी लिहितेस, तेव्हा त्या फक्त मॅडम वाचत नाहीत. त्याच क्षेत्रातली आणखी शंभर माणसं ती पोस्ट वाचायला आलेली असतात. 'व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह' लिहिणारे वीसजण असतात. त्यांच्या खाली 'आमच्याकडे पावसाळ्यात तूरडाळीच्या नमुन्यांत सकाळ-संध्याकाळचं रीडिंग वेगळं येतं, तुम्ही नमुना घेण्याची वेळ ठरवून ठेवता का?' असं विचारणारी एकच असते. ती लक्षात राहते. म्हणून थेट मेसेज पाठवण्याआधी महिनाभर हे कर. आठवड्यातून दोन-तीन पोस्ट पुरेत.

लिहायचं कुणाला? तुझ्या यादीत एचआरवाले आणि मोठ्या पदांवरची माणसंच जास्त असणार, सगळे तिथूनच सुरू करतात. त्यांच्याकडे रोज ढीगभर मेसेज येतात. त्यांना सोडून दे. तुझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी पुढे असलेली माणसं शोध. ती नुकतीच तुझ्या जागेवरून गेलेली असतात, त्यांना तिथले खड्डे आठवत असतात, आणि त्यांना कुणी सल्ला विचारत नसल्यामुळे विचारल्याचा आनंदही होतो. सुरुवात तुझ्याच कॉलेजपासून कर. परभणीचं फूड टेक्नॉलॉजी कॉलेज 1976 पासून चालू आहे. इतक्या बॅचेसची माणसं पुण्या-मुंबईपासून परदेशापर्यंत कुठे ना कुठे कामाला आहेत. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा वेगळा भाग असतो. तिथे शहर आणि कंपनी निवडून माणसं शोधता येतात. 'मी परभणीची' हे दोन शब्द त्यांच्यासाठी पुरेसे असतात. होस्टेल, मेस, विद्यापीठाचा तो परिसर, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहतं. ही माणसं तुला अनोळखी वाटतात, पण पूर्ण अनोळखी नाहीत.

आणि स्क्रीनवरून जरा नजर हटवून तुझ्या लॅबच्या दाराकडे बघ. मॉइश्चर मीटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो ओलावा बरोबर मोजतो का याची तपासणी, करायला कोण येतं? वजनकाट्याची तपासणी करणारे, केमिकल आणि काचेचं सामान पुरवणारे, ऑडिटला आलेले ऑडिटर? ही माणसं महिन्याला वीस-पंचवीस कारखान्यांत जातात. कुठली लॅब वाढते आहे, कुठल्या केमिस्टने राजीनामा दिला, हे जाहिरात निघण्याआधी त्यांना ठाऊक असतं. पंचवीस वर्षं मी या धंद्यात काढली. माझ्या विभागातल्या निदान तीन मुली कॅलिब्रेशनवाल्या दादांनी सांगितलं म्हणून आलेल्या होत्या, आणि तिन्ही उत्तम निघाल्या. अशा माणसांचे नंबर तुझ्या रजिस्टरमध्येच आहेत. ऑडिटरशी मात्र ऑडिट चालू असताना नोकरीचा विषय काढू नकोस, त्यांचीही अडचण होते आणि तुझ्या मिलशीही ते बरोबर नाही. ऑडिट मिटून दोन-तीन महिने झाले की लिही.

हे मी नुसत्या अनुभवावरून सांगत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं होतं की नोकरीची खबर तुम्हाला ज्याच्याकडून कळली, तो तुम्हाला कितीदा भेटायचा? त्याचा निबंध 1973 चा आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांना ती खबर नेहमी भेटणाऱ्याकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्याकडून. कारण सोपं आहे. आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. तुझ्या मामांना एसटीतलं कळेल, तुझ्या मैत्रिणींना लातुरातलं. पुढे 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे 2 कोटी सदस्यांवरचा पाच वर्षांचा अभ्यास आला. त्यातही घट्ट ओळखींपेक्षा सैल ओळखींनी नोकरी बदलायला जास्त मदत केल्याचं दिसलं. पण त्यात एक बारकावा आहे. अगदीच परक्यापेक्षा थोडी सामाईक माणसं असलेली सैल ओळख जास्त कामाची ठरली. म्हणजे तुझ्या कॉलेजची सीनियर. म्हणजे कॅलिब्रेशनवाले दादा.

आता मजकूर. कनेक्शन रिक्वेस्टसोबत चिठ्ठी जोडता येते. फुकटच्या खात्यावर तिला साधारण 200 अक्षरांची मर्यादा आहे आणि महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या पाठवता येतात. म्हणून त्या उधळायच्या नाहीत. मराठीत लिहिलंस तर काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते, जागा लवकर संपते. तेव्हा चिठ्ठीत एवढंच पुरे:

'नमस्कार मॅडम. मीही परभणीची, 2021 ची बॅच. लातूरला डाळ मिलच्या लॅबमध्ये आहे. कच्च्या मालाच्या तपासणीवरची तुमची पोस्ट वाचली. तुमच्या कामाबद्दल जाणून घ्यायला आवडेल.'

मराठीत की इंग्रजीत, असा प्रश्न तुला पडेल. समोरची व्यक्ती मराठीत लिहीत असेल, किंवा आपल्याच कॉलेजची असेल, तर बिनदिक्कत मराठीत लिही. इंग्रजीतला 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' वाचून समोरच्याला लगेच कळतं की हे सगळ्यांना गेलेलं आहे, समोर सर आहे की मॅडम तेसुद्धा बघितलेलं नाही. बाकीच्यांना साध्या इंग्रजीत लिही. व्याकरण एकदा तपासून घे, पण जड शब्द शोधत बसू नकोस.

रिक्वेस्ट स्वीकारली की दुसरा मेसेज. नुसतं 'हाय मॅडम' पाठवून उत्तराची वाट बघायची नाही. 'एक विचारू का?' हेही नको. परवानगी मागण्यात त्यांचा एक फेरा वाया जातो. काय ते एकाच मेसेजात लिहायचं. मी तुझ्या जागी असते तर असं लिहिलं असतं (इतर वाचकांसाठी: अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष, आणि एचएसीसीपी म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून रोखण्याची पद्धत):

'मॅडम, रिक्वेस्ट स्वीकारल्याबद्दल आभार. गेली काही वर्षं मी तूर आणि हरभरा डाळीच्या तपासणीचं काम करते: ओलावा, तुकडा, किडका दाणा, लाख डाळीची भेसळ, बाहेरच्या लॅबकडून येणारे युरिक ॲसिड आणि अफ्लाटॉक्सिनचे रिपोर्ट बघणं. मायक्रोबायॉलॉजीचं काम मात्र कॉलेजनंतर केलेलं नाही. मला रेडी-टू-ईटकडे यायचं आहे. तुमच्याकडे माणूस घेताना एचएसीसीपीचं प्रशिक्षण आधी बघतात, की मायक्रो लॅबमध्ये हात बसलेला आहे का ते? मला दोन्हींपैकी एकाच कोर्ससाठी यंदा पैसे आणि रजा काढता येईल. दोन ओळींत सांगितलंत तरी पुरेल. कामामुळे जमलं नाही तर हरकत नाही.'

यात काय आहे ते बघ. रेझ्युमे नाही, नोकरीचं नाव नाही. पण लिहिणारी काय करते, किती नीट करते आणि तिला काय येत नाही, हे तीन वाक्यांत कळतं. जे येत नाही ते सांगितल्यामुळे जे येतं त्यावर विश्वास बसतो. प्रश्न असा आहे की मॅडमना उत्तर पाठ आहे, चहाचा कप हातात असताना मोबाइलवर लिहिता येईल. आणि 'एकाच कोर्ससाठी पैसे आणि रजा' या वाक्यामुळे त्यांना समजतं की आपल्या उत्तराने या मुलीचं खरंच काही ठरणार आहे. तसं समजलं की माणूस उत्तर देतो. हा मजकूर जसाच्या तसा उतरवू नकोस मात्र. प्रत्येक माणसासाठी प्रश्न वेगळा लागतो. आठवड्याला तीनजणांना लिही, तीसजणांना नको. त्या तिघांची प्रोफाइल आणि शेवटच्या काही पोस्ट आधी वाच. एका माणसामागे अर्धा तास जाईल, तो जाऊ दे.

तुझ्याकडे देण्यासारखंही काही आहे, आणि ते तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. फरसाण, रेडी-टू-ईट, बेसनाचे पदार्थ करणारे कारखाने डाळ विकत घेतात. त्यांच्याकडे आलेला माल तपासणारी माणसं असतात. त्यातल्या पुष्कळांनी डाळ मिल आतून पाहिलेली नसते. फटका डाळ कशी होते, सॉर्टेक्समधून, म्हणजे रंगावरून दाणे निवडणाऱ्या यंत्रातून, काय सुटतं आणि काय राहतं, एकाच गाडीतल्या पोत्यापोत्यांत फरक का पडतो, हे तुला रोजच्या कामामुळे माहीत आहे. अशा विभागातल्या माणसांशी बोलताना तू नुसती मागणारी राहत नाहीस. मला विचारशील तर बेकरीच्या आधी तू हे दार वाजवावंस. रॉ मटेरियलच्या तपासणीतून आत शिरायचं आणि मायक्रो शिकत पुढे सरकायचं. तुझी इतक्या वर्षांची मेहनत त्या वाटेवर फुकट जात नाही. एकच पथ्य आहे. तुमच्या मिलचे जे ग्राहक आहेत त्यांच्याशी आत्ता असं बोलू नकोस, आणि कुठल्या लॉटमध्ये काय सापडलं, कुणाचा माल परत आला, हे कुठेही लिहू नकोस. तू मालकांची गुपितं सांभाळतेस हे बघूनच पुढचा मालक तुला विश्वासाने आत घेईल.

मालकांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. फोटोभोवतीचं 'ओपन टू वर्क'चं हिरवं कडं लावू नकोस. ते सगळ्यांना दिसतं, मालकांच्या मुलालाही. फक्त नोकरभरती करणाऱ्यांना दिसेल असाही पर्याय आहे, पण त्यावर पूर्ण विसंबू नये. नावाखालच्या ओळीत 'सीकिंग अपॉर्च्युनिटीज' असेल तर ते काढ आणि 'कडधान्य तपासणी आणि अन्न सुरक्षा, लातूर' असं काम लिही. नोकरी शोधणारे लाखो आहेत. कडधान्याची तपासणी जाणणारी माणसं मोजकी आहेत, आणि ज्याला ती हवी आहेत तो त्याच शब्दांनी शोधतो.

उत्तर आलं नाही तर? दहा-बारा दिवसांनी एकदा, एका ओळीत आठवण द्यायची. मग थांबायचं. तिसरा मेसेज नाही. आणि त्या शांततेचा अर्थ लावत बसायचं नाही. मागच्या वर्षी एका मुलाच्या मेसेजला मी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. सुंदर प्रश्न होता. त्या काळात आई दवाखान्यात होती आणि तो मेसेज खाली खाली गेला. त्याला नक्की वाटलं असणार की बाई शिष्ट आहेत. चार महिन्यांनी मी क्षमा मागून लिहिलं, तोवर त्याने दुसरीकडून माहिती काढून कोर्सही पूर्ण केला होता. त्याने वाट बघत दिवस घालवले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं.

मी स्वतः 1998 मध्ये चाळीस कारखान्यांना पत्रं पाठवली होती, प्रत्येकात स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट घालून. तिकिटांचे पैसे आईने शिवणाच्या डब्यातून काढून दिले. तीन उत्तरं आली. दोन नकाराची. तिसऱ्यात लिहिलं होतं, जागा नाही, पण कारखाना बघायचा असेल तर गुरुवारी या. मी गेले. ज्यांनी बोलावलं होतं ते तीन तास माझ्याबरोबर फिरले आणि मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर दिलं. नोकरी मला तिथे कधीच मिळाली नाही. पण त्या दुपारी मी जे पाहिलं, त्याच्या जोरावर पुढची मुलाखत दिली आणि निवडले गेले. निवड झाल्याच्या आठ दिवसांत कारखाना दाखवणाऱ्या त्या गृहस्थांना पत्र टाकून हे कळवलं. पुढची वीस वर्षं, ते असेपर्यंत, दिवाळीला आमची पत्रं चालू होती.

याच भागावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण हाच बहुतेकजण सोडून देतात. मॅडमनी उत्तर दिलं, तू 'थँक यू मॅडम' आणि हात जोडल्याची खूण पाठवलीस, की संपलं असं वाटतं. खरी ओळख तिथून पुढे सुरू होते. त्यांनी सांगितलेला कोर्स केलास की तीन महिन्यांनी कळव: 'तुम्ही मायक्रो आधी म्हणालात, मी तेच केलं, प्लेटिंगमध्ये पहिले पंधरा दिवस फार चुकले, आता जमतं.' ही एक ओळ वाचून समोरच्याला काय वाटतं ते मी तुला सांगू शकते, कारण मला अशा ओळी फार थोड्या आल्या आहेत आणि त्या लिहिणारी सगळी मुलं मला नावानिशी आठवतात. त्यांच्यापैकी कुणाला साजेशी जागा दिसली की मीच त्यांना फोन करते. त्यांना मागावं लागत नाही.

आणि आभार मानताना नोकरीचा विषय शेपटासारखा जोडू नकोस. तो बोलायची वेळ येते. समोरच्याच्या कंपनीत खरोखर जागा निघाली आणि तू तिला योग्य असलीस, तर सरळ लिही: 'मॅडम, ही जागा बघितली, मी अर्ज करते आहे. या कामाबद्दल मला काय माहीत असायला हवं?' तेव्हा त्यांना वाटलं तर त्या आत सांगतील. 'सांगा' असं म्हणावं लागत नाही.

पहिल्या महिन्यात काहीच हाती लागलं नाही असं वाटेल, त्याची तयारी ठेव. बाबांना यातलं काय सांगायचं ते तू ठरव. पण ज्या दिवशी परभणीची एखादी सीनियर फोनवर पंधरा मिनिटं बोलेल, त्या दिवशी त्यांना जवळ बसव आणि फोन स्पीकरवर ठेव. अर्थात तिला आधी विचारून.

येत्या रविवारी दोनच कामं कर. कॉलेजच्या पानावरून पुण्या-नाशिकच्या तीन माजी विद्यार्थ्यांची नावं काढ, आणि कॅलिब्रेशनवाल्या दादांना फोन लाव. फोनवर नुसतं विचार की हल्ली कुठल्या कुठल्या लॅबमध्ये जाता, तिथे कामाला कशी माणसं लागतात. मॅडमचं उत्तर आलं तर त्या एचएसीसीपी म्हणाल्या की मायक्रो, ते मला नक्की कळव. मी मायक्रो म्हणते आहे, पण मला फॅक्टरी सोडून काही वर्षं झाली आणि आत्ता तिथे असलेल्या बाईचं मत मला ऐकायचं आहे.